साठ थेंब

त्या साली अमरावतीच्या कापूसबाजारात कापसापेक्षा माणसंच लवकर पेट घेत. सात समुद्रांपलीकडं कुठल्याशा मुलखात गोऱ्या भावाभावांत लढाई जुंपली होती म्हणे, आणि तिच्यापायी वऱ्हाडच्या कापसाला कधी नव्हे तो मान आला होता. मान आला की माज येतो. माज आला की बंडीच्या कडेचा दांडा, ज्याला उभारी म्हणतात, तो बंडीतून निघतो आणि कुणाच्या तरी टाळक्यात बसतो. बाजारामागच्या छोट्या दवाखान्यात जैनुद्दीन कंपाउंडर होता, आणि त्याच्या टेबलापुढं रोज अशी दोन-चार टाळकी येत.

जैनुद्दीन चाळिशीचा, अंगानं काटक, तोंडानं फटकळ. रोग्याला चार शब्द सुनावल्याशिवाय त्याला पट्टी बांधताच येत नसे. पण दवेच्या बाबतीत एक थेंब इकडचा तिकडं होऊ देत नसे. मुंबईहून आलेल्या पारशी डाक्टरानं पहिल्याच महिन्यात त्याच्या बोटांवर रूळ मारून पाच गोष्टी पाठ करून घेतल्या होत्या. अंगठ्याला 'कोणाला'. मग कोणती, किती, कुठून, केव्हा. 'कुठून' हे बोट जैनुद्दीनला आधी फालतू वाटलं होतं, तर मोर्शीकडच्या एका बुढ्यानं गुडघ्याला चोळायची दवा त्याच्या डोळ्यांदेखत घटाघटा पिऊन दाखवली. तेव्हापासून तेही बोट इमानानं मोजलं जाऊ लागलं. पाच बोटं संपली की डाक्टर मूठ वळायला लावत आणि म्हणत, "आणि वाटी हातात देऊन पाठ फिरवायची नाही. दवा घशाखाली उतरेपर्यंत तुझा डोळा तिथंच."

आता गाडं अडायचं ते नेमकं इथं. जैनुद्दीन मुसलमान. खेड्यापाड्यांतले कुणबी-माळी त्याच्या हातची कोरडी पुडी घेत, पट्टी बांधून घेत, शिव्याही खात. पण त्याच्या हातचं पाणी म्हटलं की ओठ मिटत ते मिटतच. मरायला टेकलेला माणूससुद्धा मान फिरवायचा. म्हणून एक रीत पडली होती. रोग्याचं माणूस घरची वाटी घेऊन टेबलाशी यायचं, जैनुद्दीन शीशीचा स्पर्श होऊ न देता वरून तिच्यात थेंब मोजायचा, मग ते माणूस आपल्या तांब्यातलं पाणी ओतून आपल्या हातानं रोग्याला पाजायचं. जैनुद्दीन खाटेच्या पायथ्याशी उभा राहून पाहायचा. पाहणारा पाहतोय तोवर रीत वाईट नव्हती.

माघातल्या एका सोमवारी भर बाजारात पुंजाराम आणि सूर्यभान एकमेकांना भिडले. हे दोघं मेहुणे-साळे. सूर्यभानची बहीण कौशल्या पुंजारामला दिलेली. दोघांच्या बंड्या रांगेत मागंपुढं उभ्या होत्या. अडत्या कापूस पाहायला आला तसा पुंजाराम चारचौघांत मोठ्यानं बोलला, "माह्या साळ्याच्या बंडीत कोपरापर्यंत हात घालून पाहा शेठ. वरतून कोरडं, आतून ओलं." कापसावर पाणी मारल्याचा बोल लावणं म्हणजे माणसाच्या तोंडाला काळं फासणं, आणि हा बोल खरा होता म्हणून जास्तच झोंबला. सूर्यभाननं उभारी उपसली आणि मेहुण्याच्या डोक्यात घातली. आवाज असा आला की रांगेत बसलेले बैल उठून उभे राहिले.

पुंजाराम तोंडावर पडला. सूर्यभान दुसरा घाव घालायला वाकला, तोच पुंजारामच्या थोरल्या भावानं, महादेवरावानं, त्याला लाथ घालून आडवा केला. महादेवराव मोठा अंगापिंडाचा गडी, राग आला की डोळ्यांपुढं अंधार. त्यानं भरल्या बंडीच्या बैलांना तुतारी, म्हणजे आर लावलेली काठी, टोचली आणि चाक सूर्यभानच्या मांडीवरून नेलं. नेलं ते नेलं, वर बैल मागं रेटून परत आणलं. मांडीचं हाड मोडल्याचं बाजारातल्या सगळ्यांनी ऐकलं, अडवायला एकही पुढं झाला नाही. सूर्यभानच्या गावची माणसं तर शिपायांच्या भीतीनं बंड्या जुंपून पसार झाली. अशी माया.

दोघांनाही उचलून दवाखान्यात आणलं. डाक्टर दिवेलागणीपर्यंत रक्तात कोपरापर्यंत बुडाले होते. पुंजारामचं डोकं शिवलं. सूर्यभानच्या मांडीतली फुटलेली नस रेशमी दोऱ्यानं बांधली आणि पायाला फळ्या बांधल्या. दवाखान्याचा दिवाणखाना एकच, मधोमध जैनुद्दीनचं टेबल. एका भिंतीशी पुंजारामची खाट, समोरच्या भिंतीशी सूर्यभानची. तेजीच्या आनंदात एका अडत्यानं दवाखान्याला गाद्या भरून दिल्या होत्या, चांगल्या हातभर जाड, रुई ठासून भरलेल्या. कौशल्यानं त्यांच्यावर घरच्या गोधड्या दुमडून घातल्या. एक नवऱ्याखाली, एक भावाखाली.

मंगळवारी पहाटे डाक्टर अकोल्याला निघाले. तिथल्या कचेरीत त्यांची साक्ष होती, टळणारी नव्हती. घोड्याच्या रिकिबीत पाय घालता घालता त्यांनी जैनुद्दीनला दोन्ही रोगी परत एकदा समजावले. "सूर्यभान रोजचा अफू खाणारा आहे, लहान मात्रेनं त्याला काही होणार नाही. अफूच्या अर्काचे साठ थेंब, दुपारी एकदा, दिवस मावळताना एकदा. दुखणं आवरलं नाही तर तो पाय झाडील आणि बांधलेली नस सुटेल. पुंजारामला मात्र एक थेंबही नाही. डोक्याला मार लागलेल्या माणसाला अफू म्हणजे कफन. तो ओरडतोय, शिव्या देतोय, तोवर ठीक. गप्प झाला तर घाबर."

"जी साहेब," जैनुद्दीन म्हणाला. एवढं सरळ तो डाक्टरांशीच बोलायचा.

दुपार चढली तसा पुंजाराम बोंबलायला लागला. डोकं फुटून राहिलं, डोकं फुटून राहिलं, हे एक. आणि साळ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार, हे दुसरं. ओसरीवर महादेवराव चार गड्यांनिशी बसला होता. मांडीवर कुऱ्हाड. दारावरच्या शिपायाला त्यानं सकाळीच ऐकवलं होतं, "माहा भाऊ गेला, त त्या सूर्यभानले अथीच खाटेवर तोडतो. मंग मले फाशी द्या नाईत तोफेच्या तोंडी द्या." शिपाई उठून भाकर खायला गेला.

म्हणजे कौशल्याचं सगळं त्या एका फुटक्या डोक्यावर टांगलेलं होतं. नवरा वाचला तर भाऊ वाचणार. नवरा गेला तर दोघंही जाणार, आणि ती सासरची ना माहेरची होऊन रस्त्यावर येणार. पंचविशीची पोर, रात्रभर या खाटेकडून त्या खाटेकडं. दुपारी ती पदर सावरत टेबलाशी आली.

"मियाभाई, आमच्या घरच्यायले काई द्या ना. तरफडून राहिले."

"नाई देता येत."

"माह्या भावाले देता. काल देली तं तो लेकरावानी झोपला."

"त्याची गोष्ट येगळी हाय, बाई. याच्या डोक्याले मार हाय. अफू देली त हा झोपीन तो कयामतीलेच उठीन. वरडू दे त्याले. वरडते म्हणून जिता हाय."

हे तिच्या गळी उतरेना. कसं उतरावं? आपल्या डोळ्यांनी तिनं पाहिलं होतं, ती काळपट दवा पोटात गेली की किंचाळणारा माणूस शांत होतो. आणि नवऱ्याला तीच दवा हा मिया देत नाही. का देत नाही? भावाकडच्या कुणी याचा हात ओला केला असेल. बाईचं मन, त्यात रात्रभराचं जागरण. ती गुपचूप नवऱ्याच्या उशाशी जाऊन बसली. जैनुद्दीननं समजावलं तेवढं पुरे झालं असं समजून शीशी काढली, आणि ही त्याची पहिली चूक. समजावलेलं समजलं का, हे विचारायला त्याच्याकडं सहावं बोट नव्हतं.

"सूर्यभानची दवा," त्यानं हाक दिली.

कौशल्या वाटी घेऊन आली. त्यानं अंगठा धरला. "कोणासाठी?"

"सूर्यभान. माह्या भावासाठी." स्वच्छ बोलली. भावाचं नाव घ्यायला बाईमाणसाचं काय जातं?

त्यानं मोजून साठ थेंब वाटीत पाडले. कोणती, किती, कुठून, केव्हा, चारही बोटं झाली. ती तांब्याकडं वळली आणि तो तिच्या मागोमाग निघाला, तेवढ्यात खिडकीतून दगड आला आणि कपाटातल्या दोन शीश्या फुटल्या. पाठोपाठ महादेवराव आत. भावाचं ओरडणं ऐकून ऐकून त्याचं टाळकं फिरलं होतं.

"काहून बे मिया, माह्या भावाले काहून दवा देत नाईस? मराची वाट पाहून राहिला काय?"

"महादेवराव, बाहेर व्हा. साहेबाचा हुकूम—"

हुकूम हा शब्द पुरता बाहेर पडला नाही. महादेवरावानं त्याची मान धरून तोंड टेबलावर आपटलं. एकदा, दोनदा. जैनुद्दीनचं नाक फुटलं, दाढी रक्तानं भिजली. त्यानं हाताला लागला तो पितळी खल उचलून महादेवरावाच्या बरगडीत हाणला. महादेवराव मागं हेलपाटला आणि दोघं फुटक्या काचांवर पडले. बाकीचे चौघं आत घुसले, कुणी जैनुद्दीनच्या पाठीत लाथा घातल्या, कुणी महादेवरावालाच आवरलं. शिवीगाळ, धूळ, दवांचा उग्र वास. किती वेळ गेला कुणास ठाऊक. जैनुद्दीन टेबलाचा पाय धरून उठला तेव्हा त्याचा एक डोळा बंद झाला होता.

आणि दिवाणखान्यात पुंजारामचं ओरडणं थांबलं होतं.

"पाह्य," महादेवराव धापा टाकत म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावरचा राग उतरायला लागला होता. "झोप लागली त्याले. देवच पावला."

समोरच्या खाटेवर सूर्यभान मात्र मुठी आवळून कण्हत होता. जैनुद्दीननं उघड्या डोळ्यानं आधी त्याच्याकडं पाहिलं, मग पुंजारामकडं, मग कौशल्याच्या हातातल्या रिकाम्या वाटीकडं. लंगडत जाऊन त्यानं पुंजारामची पापणी वर केली. बुबुळामधलं काळं टिंब राईच्या दाण्याएवढं उरलं होतं. श्वास यायचा, मग बराच वेळ यायचाच नाही.

"कोणाले पाजली?" त्यानं विचारलं.

कौशल्यानं वाटी पदराआड धरली.

"बाई, कोणाच्या तोंडात गेली ती दवा?"

"त्यायच्या," ती म्हणाली. आता नाव घ्यायची पाळी आली तर जिभेला कुलूप. "लय तरफडत होते, मियाभाई. म्या म्हटलं, घडीभर झोपतीन."

जैनुद्दीननं दुसरं काही केलं नाही. उजवा हात वर नेला आणि पुंजारामच्या थोबाडीत काडकन लगावली. मग दुसरी. मग खांद्याला धरून त्याला गदागदा हलवलं. पुंजारामनं डोळे किलकिले केले आणि परत मिटले. डोकं फुटलेल्या, आत्ताच शांत झोपलेल्या माणसाला मिया झोडतोय, हे पाहून महादेवरावाच्या डोळ्यांपुढं परत अंधार आला. त्यानं कोपऱ्यातली फळी उचलली आणि जैनुद्दीनच्या डाव्या हातावर घातली. मनगटाच्या वरचं हाड काडीवानी मोडलं.

जैनुद्दीन गुडघ्यावर आला. पण बोलला ते ठणठणीत. "अफू गेली त्याच्या पोटात. झोपला त मरते. तुमाले माहा जीव घ्याचा त मंग घ्या, मी काई पयत नाई. आत्ता त्याले झोपू देऊ नका."

"कोणी देली?"

"माह्या हातून गेली," जैनुद्दीन म्हणाला. हे खोटं नव्हतं. त्याचा डोळा हलला होता.

महादेवरावानं फळी परत उगारली, आणि तेव्हा कौशल्या मधे आली. थोरल्या दिराच्या सावलीलाही कधी उभी न राहिलेली बाई, डोक्यावरचा पदर खांद्यावर पडलेला. "दादा, म्या देली. भावाची दवा म्हणून मागून आणली अन् यायले पाजली. मारा मले." महादेवरावानं उलट्या हातानं तिला अशी हाणली की ती भिंतीवर जाऊन आदळली. ओठ फाटला. ती तशीच उठली आणि नवऱ्याच्या खाटेशी आली.

"मारून झालं?" जैनुद्दीन कडाडला. "मंग त्याले उठवून बसवा. बाई, मोहरी वाट. डाक्टराच्या डब्यात कॉफी हाय, काळी कर, घट्ट. तुमी दोघं त्याच्या तळपायावर ओला पंचा मारा. जोरात. पाहून काय राहिले?"

काही माणसं हुकमाचीच वाट पाहत असतात. आतापर्यंत मारायला जमलेले ते पाच गडी मारायलाच लागले, फक्त वाचवण्यासाठी. पंच्याचे फटके तळपायांवर वाजू लागले. मोहरीचं पाणी कौशल्यानं आपल्या हातानं नवऱ्याच्या तोंडात ओतलं, नाक दाबलं, अर्धं अंगावर सांडलं, अर्धं आत गेलं. पुंजारामला एकदा ओकारी झाली, त्यात काळपट पाणी पडलं. पण बरंचसं आधीच रक्तात उतरलेलं होतं. मान परत छातीवर पडली.

तिचा तांब्या रिकामा झाला. दवाखान्यात पाणी होतं ते जैनुद्दीनच्या मडक्यात. कौशल्यानं महादेवरावाकडं पाहिलंसुद्धा नाही, सरळ मडक्यात तांब्या बुडवला. महादेवरावानं पाहिलं आणि तोंड दुसरीकडं केलं. शेवटी जीव मोठा.

"त्याले नावानं हाक मार," जैनुद्दीन तिला म्हणाला. तो मोडका हात छातीशी धरून पुंजारामचे श्वास मोजत होता. "मेल्यावानी झोपलेला माणूसही आपल्या नावाले उठते."

"म्या कसं घेऊ नाव?"

"नको घेऊ. रांडकी हो."

फार कडू बोलला. पण कडू दवाच कामाला येते. कौशल्यानं नवऱ्याच्या गालावर मारली, आधी भीत भीत, मग खरीखुरी, आणि लग्नाच्या सात वर्षांत पहिल्यांदा ते नाव तिच्या तोंडून निघालं. "पुंजाराम. ओ पुंजाराम. उठा." एक हाक, एक चापट. तिच्या बांगड्या फुटल्या, तळहात लाल झाले. ती थांबली नाही.

समोरच्या खाटेवर सूर्यभानचं कण्हणं वाढत चाललं होतं. त्याची दुपारची दवा दुसऱ्याच्या पोटात गेली होती. मोडलेल्या मांडीत कळा उठत, तसं रोजच्या अफूवाचून अंगही मोडून येत होतं. जैनुद्दीनला ते आठवलं. तो शीशी घ्यायला उठला, तेवढ्यात इकडं पुंजारामचा श्वास अडकला. एक, दोन, तीन, चार. छाती हलेना. जैनुद्दीन परत फिरला आणि त्याच्या छातीवर ओल्या पंच्याचा सपकारा मारला. श्वास आला.

"भाऊ, थांब जरा," कौशल्या मागं न पाहता म्हणाली.

सूर्यभाननं हे सगळं पडल्या पडल्या ऐकलं होतं. तो माणूस म्हणून काही थोर नव्हता. कापसावर पाणी मारणारा, डोकं गरम, अफूबाज. पण बहीण त्याची एकच होती. "माही दवा राहू द्या," तो म्हणाला. "आधी त्याचं पाहा. तो गेला त माह्या बहिणीचं कुकू जाईन. म्याच मारलं त्याले." मग त्यानं फेट्याचा शेव तोंडात कोंबला आणि दातांत घट्ट धरला, की आपल्या कण्हण्यानं कुणाचं ध्यान इकडं वळू नये.

जैनुद्दीननं ते पाहिलं आणि त्याला बरंच वाटलं. एक ओझं कमी झालं, असंच वाटलं त्याला. खोटं कशाला बोला?

ऊन खिडकीतून सरकत भिंतीवर चढलं. दोन गडी पुंजारामला बगलेत धरून दिवाणखान्यात फिरवत होते, त्याचे पाय फरशीवर घासत होते. दमले की दुसरे दोघं घेत. महादेवराव स्वतः भावाच्या पाठीवर थापा मारत होता आणि रडत होता, नाकाचं पाणी मिशीत. "उठ ना बे पुंज्या. उठ ना लेका." कॉफीचा तिसरा पेला गेला, चौथा गेला. पोटऱ्यांवर वळ उठले, गाल सुजले. कोणी बाहेरून पाहिलं असतं तर म्हणालं असतं, सात जणांनी मिळून एकाचा खून चालवलाय.

मधे केव्हातरी जैनुद्दीनच्या कानाला जाणवलं की दुसऱ्या खाटेवरचं दबलेलं कण्हणं थांबलंय. त्यानं मान वळवली. सूर्यभान भिंतीकडं तोंड करून पडला होता, चादर गळ्यापर्यंत. खाटेखालची फरशी कोरडी. आखडलेले खांदे सैल पडलेले. रात्रभराचा दमलेला जीव, डोळा लागला असेल, असं म्हणून तो परत श्वास मोजायला लागला.

दिवस मावळायला आला तेव्हा पुंजारामनं डोळे उघडले ते उघडेच ठेवले. जैनुद्दीननं वाकून पाहिलं. काळं टिंब ज्वारीच्या दाण्याएवढं झालं होतं. श्वास एकामागं एक येत होता. पुंजारामनं ओठ चाटले, भोवतालच्या घामाघूम तोंडांकडं पाहिलं आणि घोगऱ्या आवाजात पहिलं वाक्य बोलला.

"कोठी हाय तो सूर्यभान? त्याची मायची... त्याले आता मी पाह्यतोच."

महादेवराव खदखदून हसला. गडी हसले. मोडक्या हाताचा जैनुद्दीन भिंतीला टेकून खाली बसला आणि त्यालाही हसू आलं. डाक्टर म्हणालेच होते, शिव्या देतोय तोवर ठीक. कौशल्याचा फाटलेला ओठ हसताना परत फाटला. ती तशीच हसत, पदराला हात पुसत समोरच्या खाटेकडं गेली.

"भाऊ, आयकलं काय? वाचले. तुले शिव्या देऊन राहिले."

तिनं खांद्याला हात लावला. तो तिच्याकडं वळला, पण स्वतःहून नाही. फेट्याचा शेव अजून दातांत होता. तिनं ओढून पाहिला, निघाला नाही.

तिनं चादर बाजूला केली, आणि जैनुद्दीन एका हातावर जोर देऊन उठला.

नस सुटली होती. कळांनी पाय झाडला असेल, फळ्या सरकल्या असतील, रेशमी दोरा तुटला असेल. माणूस ओरडला असता तर कुणीतरी वळून पाहिलं असतं. तो ओरडला नव्हता. सगळं रक्त बहिणीच्या दुमडलेल्या गोधडीनं प्यालं होतं, उरलेलं त्या हातभर जाड गादीनं पोटात घेतलं होतं. जैनुद्दीननं गादीवर तळहात दाबला तर मनगटापर्यंत लाल वर आलं. फरशीवर एक थेंब नव्हता. त्यानं मानेवर बोटं ठेवली आणि बराच वेळ तशीच ठेवली, जरी पहिल्याच स्पर्शाला त्याला कळलं होतं.

महादेवराव जवळ आला. सकाळपासून ज्याला तोडायला कुऱ्हाड घेऊन बसला होता, तो समोर पडला होता. त्यानं पाहिलं, आणि डोक्याचं पागोटं काढून हातात घेतलं.

कौशल्या रडली नाही. दिवसभर दुसऱ्याच नावानं हाका मारून तिचा आवाज बसला होता. ती भावाच्या कानाशी वाकून कुजबुजत राहिली, सूर्यभान, सूर्यभान, आणि दुसऱ्या गालावर हळूहळू चापट्या मारत राहिली. नवऱ्याला याच चापट्यांनी उठवलं होतं ना. जैनुद्दीननं तिचा हात धरला तेव्हा ती थांबली.

"मियाभाई," ती म्हणाली, "याची दवा द्या. साठ थेंब. मी याच्याच तोंडात टाकतो. तुमी अथी उभं राहून पाहा."

जैनुद्दीन टेबलाकडं वळला नाही. बाहेर बाजारात बंड्या सुटत होत्या, दिवस मावळत होता, म्हणजे सूर्यभानच्या दुसऱ्या दवेची वेळ झाली होती. समोरच्या खाटेवरून पुंजारामनं परत विचारलं, "कोठी हाय तो? गप्प काहून बसला?"